नव्या मोटारीचा क्लच अंगवळणी पडताना : एक आंतरविद्याशाखीय विवेचन

गोषवारा

हाताने गिअर बदलण्याची मोटार चालवणारी व्यक्ती एका मोटारीतून दुसऱ्या मोटारीत गेली की सुरुवातीचे काही दिवस तिची गाडी चौकात बंद पडते, आचके देते किंवा चढावर मागे येते. याचा दोष कधी चालकाला, तर कधी गाडीला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा हा दोष दोघांचाही नसतो. जुन्या गाडीने पायाला लावलेले वळण नव्या गाडीच्या यंत्ररचनेशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. प्रस्तुत लेखात क्लचची रचना, दोन गाड्यांच्या क्लचमधील भेदाची कारणे, शारीरिक कौशल्य नव्याने घडण्याची प्रक्रिया आणि चुकीच्या भीतीचे यांत्रिक व मानसिक परिणाम यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : क्लच, पकडबिंदू, हाफ क्लच, शारीरिक स्मृती, कौशल्यसंपादन, वाहनचालक प्रशिक्षण.

१. प्रस्तावना

नव्या मोटारीचे आगमन हा मराठी कुटुंबात आजही छोटा सोहळा असतो. शोरूमच्या दारात नारळ फोडला जातो, बॉनेटला हार घातला जातो, चाकाखाली लिंबे ठेवली जातात आणि पेढे वाटून झाल्यावर घरातील अनुभवी चालक गाडी रस्त्यावर आणतो. त्यानंतर पहिल्याच सिग्नलला ती गाडी बंद पडते. मागच्या वाहनांचे हॉर्न सुरू होतात, चालक घाईने गाडी पुन्हा सुरू करतो आणि दुसऱ्या वेळी ती आचका देऊन पुढे जाते. दहा-बारा वर्षे विनासायास मोटार चालवणाऱ्या माणसाला एकाएकी नवशिक्याचा अनुभव येतो.

अशा वेळी दोन प्रतिक्रिया प्रामुख्याने आढळतात. पहिली म्हणजे 'या गाडीचा क्लचच खराब आहे', आणि दुसरी म्हणजे 'मला ही गाडी जमणार नाही'. पहिल्या प्रतिक्रियेतून गॅरेजच्या अनावश्यक खेपा होतात. दुसरीतून गाडी घरासमोर उभी राहते व चालवण्याचे काम कायमचे दुसऱ्याकडे जाते. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. 'गाडी चालवता येणे' हे सर्व गाड्यांना सारखेच लागू पडणारे ज्ञान आहे असे गृहीत धरले जाते. स्टिअरिंग, आरसे आणि वाहतुकीचे नियम यांच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे आहे. क्लचच्या बाबतीत मात्र ते खरे नाही, कारण क्लचचे ज्ञान पायात असते आणि ते एका विशिष्ट गाडीकडून शिकलेले असते.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) क्लचच्या कार्याचे सुबोध विवरण करणे, (२) दोन मोटारींच्या क्लचमध्ये फरक का जाणवतो याची कारणमीमांसा करणे, (३) नवा क्लच अंगवळणी पडण्याची प्रक्रिया मानसशास्त्रीय दृष्टीने समजून घेणे, (४) सवयीचा अभाव आणि यंत्रातील बिघाड यांतील फरक ओळखण्याच्या कसोट्या मांडणे, आणि (५) सरावाची सुरक्षित पद्धत सुचवणे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून त्याची व्याप्ती पायाने चालणारा क्लच असलेल्या चारचाकी मोटारींपुरती मर्यादित आहे.

३. क्लचची रचना व कार्य

मोटारीचे इंजिन स्थिर अवस्थेतून चाके फिरवू शकत नाही. ते चालू राहण्यासाठी त्याला किमान वेग लागतो. साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्या या वेगाने ते रिकामे फिरत असते. याउलट थांबलेल्या गाडीच्या चाकांचा वेग शून्य असतो. फिरणारे इंजिन आणि स्थिर चाके यांची गाठ हळूहळू घालून देणे हे क्लचचे काम होय.

बहुतेक मोटारींत एक कोरडी क्लच प्लेट असते. इंजिनला जोडलेले जड फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबलेली असते. हा दाब डायफ्रॅम स्प्रिंग देते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग या स्प्रिंगच्या मधल्या पात्या आत ढकलते, दाब निघून जातो व क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडत आणले की दाब परत येऊ लागतो, प्लेट आधी घसरते, मग धरू लागते आणि शेवटी फ्लायव्हीलबरोबर एकजीव फिरते.

पेडलच्या संपूर्ण प्रवासात ज्या ठिकाणी प्लेट प्रथम धरू लागते, त्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये 'बायटिंग पॉइंट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पकडबिंदू' हा शब्द योजला आहे. पकडबिंदूपासून पूर्ण पकडीपर्यंतचा टप्पा म्हणजेच बोलीतील 'हाफ क्लच'. पेडलचा एकूण प्रवास वीतभरही नसतो आणि त्यातील हा टप्पा बोटाच्या एक-दोन पेरांएवढाच असतो. क्लच प्लेटच्या दोन्ही अस्तरांमध्ये लहरदार पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे पकड एकदम न बसता क्रमाक्रमाने बसते. चालकाच्या डाव्या पायाचे सारे कौशल्य या छोट्या टप्प्यात सामावलेले असते.

४. एका गाडीचा क्लच दुसरीसारखा का नसतो?

४.१ दाब पोहोचवण्याची पद्धत : काही गाड्यांत पेडलचा दाब पोलादी केबलमार्फत पोहोचतो, तर काहींत द्रवाच्या साहाय्याने. केबलमध्ये घर्षण असते, ती कालांतराने ताणली जाते व तिचे समायोजन करावे लागते. मात्र क्लचमधील हालचाल ती पायापर्यंत बऱ्यापैकी थेट पोहोचवते. द्रवचालित क्लचचे पेडल सामान्यतः अधिक गुळगुळीत चालते, पण त्यातून पायाला मिळणारी सूचनाही मऊ झालेली असते. काही गाड्यांच्या द्रवनलिकेत प्रवाह मंद करणारी झडपही असते. तेथे पाय झटकन सोडला तरी क्लच थोडा मागाहून धरतो.

४.२ झिजेची अवस्था : जुन्या गाडीची क्लच प्लेट झिजलेली असते. प्लेट पातळ झाली की डायफ्रॅम स्प्रिंगच्या पात्यांचा कोन बदलतो. त्यामुळे अनेक गाड्यांत पेडल जड होते व पकडबिंदू वर सरकतो. गॅरेजच्या भाषेत 'क्लच वर आला' म्हणतात तो हाच प्रकार. हा बदल वर्षानुवर्षे इतक्या सावकाश घडतो की रोजच्या चालकाला तो जाणवत नाही, कारण त्याचा पायही त्याबरोबर सरकत गेलेला असतो. नव्या गाडीचा पकडबिंदू बहुधा त्याहून खाली असतो. वरची सवय लागलेला पाय पेडलच्या खालच्या भागातून वेगाने वर येतो, कारण तेथे काही घडेल अशी त्याची अपेक्षाच नसते. पकड अकस्मात बसते आणि इंजिन बंद पडते. उलट क्रमाने, खालच्या पकडीकडून वरच्या पकडीकडे जाणारा चालक अपेक्षित जागी ॲक्सिलरेटर देतो. क्लच अजून धरलेला नसल्यामुळे इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी जागीच राहते.

४.३ स्प्रिंगचा स्वभाव : साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगला जितके दाबावे तितका तिचा विरोध वाढतो. डायफ्रॅम स्प्रिंग ही १८६७ मध्ये फ्रान्समधील ज्युलियन बेलव्हिल यांनी पेटंट घेतलेल्या शंकूच्या आकाराच्या चकतीच्या कुळातील आहे. तिचा विरोध आधी वाढतो व पुढे कमी होऊ लागतो. त्यातच अनेक गाड्यांच्या पेडलला मदतनीस स्प्रिंग जोडलेली असते. परिणामी पेडल सुरुवातीला जड आणि तळाशी हलके लागते. हा चढउतार प्रत्येक गाडीत वेगळा असल्याने केवळ जडपणावरून पकडबिंदूचा अंदाज बांधणारा पाय नव्या गाडीत चुकतो.

४.४ इंजिनची ताकद आणि प्रतिसाद : पकडबिंदू ओलांडताना इंजिन किती भार सोसते, यावर पायाला मिळणारी सवलत ठरते. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० या ७९६ घन सेंटीमीटरच्या मोटारीवर भारतातील एक संपूर्ण पिढी गाडी शिकली. तिच्या इंजिनचे कमाल आघूर्णबल सुमारे ६० न्यूटन-मीटर होते. त्यानंतरच्या काळात अनेक घरांत पोहोचलेल्या १,२४८ घन सेंटीमीटरच्या स्विफ्ट डिझेलचे आघूर्णबल मिनिटाला २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर होते. पहिल्या गाडीत थोडा ॲक्सिलरेटर दिल्याशिवाय क्लच सोडता येत नसे. अनेक डिझेल गाड्या मात्र सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरशिवाय, नुसत्या क्लचवर हलतात. याउलट लहान टर्बो पेट्रोल इंजिने अगदी कमी फेऱ्यांवर काहीशी दुबळी असतात व तेथे पुन्हा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

आधुनिक गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंजिनच्या फेऱ्या घटताना पाहून त्या सावरण्याचा स्वतःहून प्रयत्न करतो. ही सोय असली तरी तिची एक किंमत आहे. जुन्या गाडीत पकड बसू लागताच इंजिनचा आवाज बसत असे, सीट थरथरत असे व गिअरची दांडी हलत असे. चालक पायाइतकाच कानानेही क्लच सोडत असे. नव्या, बंदिस्त आणि शांत केबिनमध्ये या खुणा क्षीण होतात. पाय चुकतो त्याचे एक कारण कानाला काहीच ऐकू येत नाही हेही असते.

४.५ बैठक आणि पादत्राण : सीटची उंची, तिचे पेडलपासूनचे अंतर आणि बुटाच्या तळव्याची जाडी यांमुळेही फरक पडतो. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतके सीट पुढे असावे. सीट मागे असेल तर चालक पेडल पायाच्या बोटांनी ढकलतो व बारीक नियंत्रण गमावतो. जाड तळव्याच्या बुटातून पकडीची सूक्ष्म थरथर पोहोचत नाही, आणि सैल चप्पल तर पेडलखाली अडकण्याचा धोका असतो.

५. पायाची स्मृती आणि तिचे पुनर्घडण

शरीराला आपल्या अवयवांची स्थिती व हालचाल न पाहता कळते. या संवेदनेला शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा दिली. क्लचचे पेडल कोणीही पाहून दाबत नाही. पाय कोठे आहे आणि पुढच्या क्षणी काय घडेल याचे अनुमान मेंदू सतत करत असतो. हे ज्ञान शब्दांत मांडता येत नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९६० च्या दशकात अशा अव्यक्त ज्ञानाची सविस्तर चिकित्सा केली व माणसाला सांगता येते त्याहून अधिक माहीत असते, हे प्रतिपादन केले. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या वडिलांना मुलीला क्लच नेमका कोठे धरतो हे सांगता येत नाही, ते यामुळेच. 'थोडा सोड, अजून थोडा' एवढेच ते सांगू शकतात.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यसंपादनाचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक कृती विचारपूर्वक होते, दुसऱ्यात कृतींचे परस्परसंबंध जुळतात व चुका घटतात, आणि तिसऱ्यात कृती जवळजवळ आपोआप होते. या शेवटच्या टप्प्याला मराठीत 'अंगवळणी पडणे' असा नेमका शब्दप्रयोग आहे. 'हात बसणे' हा वाक्प्रचारही त्याच अर्थाचा. अनुभवी चालक नव्या गाडीत बसतो तेव्हा तो तिसऱ्या टप्प्यावरून काही काळ पहिल्या टप्प्यावर येतो. त्याची अस्वस्थता या उतरणीची असते. तो काही शिकलेला नव्हता असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

हे पुनर्घडण कसे होते, याचा बोध एका जुन्या प्रयोगातून होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी दृश्य एका बाजूला सरकवणाऱ्या लोलकाच्या काचांतून पाहत वस्तूला बोट लावण्याचा अभ्यास केला. सुरुवातीला बोट बाजूला पडते, काही प्रयत्नांनंतर ते अचूक पडू लागते. काचा काढल्यावर मात्र ते काही काळ उलट बाजूला चुकते. १९९४ मध्ये रेझा शॅडमेहर आणि फर्डिनांडो मुसा-इव्हाल्डी यांनी हाताच्या हालचालीवर अपरिचित बल लावून केलेल्या प्रयोगांतही हेच आढळले. बल असताना हात ते गृहीत धरून हालचाल करायला शिकला, आणि बल काढताच उलट दिशेने चुकला.

नव्या गाडीशी जुळवून घेतलेला चालक काही आठवड्यांनी जुनी गाडी चालवतो तेव्हा त्याला तीच परकी वाटू लागते. हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि उपर्युक्त प्रयोगांशी तो पूर्णतः सुसंगत आहे. त्यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, क्लच 'चांगला' किंवा 'वाईट' वाटणे हे बऱ्याच अंशी पायाच्या अपेक्षेवर अवलंबून असते. दुसरी अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की जुळवून घेण्याचे साधन चूक हेच आहे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील अंतर जाणवल्याशिवाय मेंदूला दुरुस्ती करता येत नाही. पाय चुकला आणि गाडी बंद पडली, म्हणजे पायाला पकडबिंदूविषयी एक अचूक माहिती मिळाली.

६. चुकीची भीती आणि तिची किंमत

व्यवहारात मात्र ही चूक टाळण्याकडे चालकाचा कल असतो. चौकात गाडी बंद पडणे त्याला अपमानास्पद वाटते, म्हणून तो दोन उपाय योजतो. तो ॲक्सिलरेटर जास्त देतो व क्लच बराच वेळ अर्धा धरून ठेवतो. अशाने गाडी बंद पडत नाही हे खरे, परंतु पकडबिंदू शोधण्याची गरजही उरत नाही. पाय काहीच शिकत नाही आणि प्लेट मात्र झिजते.

ही झीज किती, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटर वेगापर्यंत नेताना तिला सुमारे ३.९ किलोज्यूल गतिज ऊर्जा मिळते. या वेळी इंजिनचा वेग स्थिर ठेवला असेल तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. आता तीच गाडी दहास एक या चढावर ब्रेक न लावता, इंजिन त्याच वेगाने फिरवत, हाफ क्लचवर जागीच तोलून धरली असे मानावे. चढावरून तिला मागे खेचणारे बल सुमारे ९८० न्यूटन असते. अशा स्थितीत क्लचमध्ये दर सेकंदाला साधारण २.७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. दहा सेकंदांत ती २७ किलोज्यूल होते. याचा अर्थ, चढावर दहा सेकंद हाफ क्लचवर उभे राहणे हे सपाट रस्त्यावर सुमारे सात वेळा गाडी हलवण्याइतके क्लचला तापवते. खंबाटकी, कसारा किंवा आंबोलीच्या घाटात सुट्टीच्या दिवशी लागलेल्या रांगेत हाच प्रकार तासभर चालला, तर जळक्या अस्तराचा वास का येतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुचाकीवरून मोटारीकडे येणाऱ्या चालकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच अनेक पट्ट्यांचा व तेलात बुडालेला असतो. तेल उष्णता वाहून नेते, त्यामुळे गर्दीत हाताने हाफ क्लच धरण्याची सवय तेथे फारशी महाग पडत नाही. मोटारीचा कोरडा क्लच ही सवय सोसत नाही. दुचाकीवर उपयुक्त ठरलेले कौशल्य मोटारीत येताना असे हानिकारक होते.

इंजिन एकदा बंद पडणे ही सपाट व मोकळ्या जागी जवळजवळ निरुपद्रवी घटना आहे, तर ती टाळण्यासाठी लावून घेतलेली सवय दीर्घकाळ नुकसान करते. तथापि चढावर, रेल्वे फाटकावर किंवा भरधाव रस्ता ओलांडताना गाडी बंद पडणे धोकादायक असते, हेही तितकेच खरे. म्हणूनच चूक कोठे करावी हा निर्णय चालकाने स्वतः घेणे श्रेयस्कर ठरते.

७. सवयीचा अभाव की यंत्राचा दोष?

प्रत्येक तक्रार सवयीच्या खात्यात टाकणे हाही अतिरेक होईल. नव्या किंवा जुन्या खरेदीच्या गाडीत खरा बिघाड असू शकतो. तो ओळखण्याची मुख्य कसोटी अशी की सवयीच्या अभावाने होणाऱ्या चुका दिवसागणिक कमी होतात व चालक बदलला की बदलतात. यंत्राचा दोष कोणत्याही चालकाच्या पायाखाली दिसतो आणि तसाच राहतो किंवा वाढतो. याशिवाय पुढील लक्षणे दिसल्यास जाणकार मेकॅनिकला दाखवणे आवश्यक आहे :

(अ) वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनच्या फेऱ्या वाढणे, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात न वाढणे. हे क्लच घसरत असल्याचे लक्षण होय.

(आ) पेडल पूर्ण दाबूनही पहिला किंवा रिव्हर्स गिअर खरखर करत पडणे. येथे क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता असते.

(इ) द्रवचालित क्लचचे पेडल मऊ लागणे, खालीच राहणे किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच नीट काम करणे. यामागे नलिकेतील हवा किंवा गळती असू शकते.

(ई) पेडल दाबताच विशिष्ट आवाज येणे व सोडताच तो थांबणे. असा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो.

(उ) पाय कितीही सावकाश सोडला तरी गाडी प्रत्येक वेळी थरथरत निघणे. अगदी नव्या प्लेटचा पृष्ठभाग जुळून येण्यास थोडा काळ लागतो. पण थरथर टिकून राहिली तर तपासणी करून घ्यावी.

८. सरावाची सुचवलेली पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे नव्या गाडीशी जुळवून घेण्याचा एक क्रम सुचवता येतो. मोकळे मैदान किंवा सकाळचा रिकामा रस्ता त्यासाठी पुरेसा आहे.

पहिली पायरी : इंजिन बंद ठेवून सीट व आरसे लावावेत आणि क्लच सात-आठ वेळा पूर्ण दाबून सोडावा. पेडल कोठे जड व कोठे हलके होते, याकडे लक्ष द्यावे.

दुसरी पायरी : सपाट जागी इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकावा. ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अगदी सावकाश सोडावा. इंजिनचा आवाज किंचित बसतो किंवा गाडी हलण्याच्या बेतात येते, तेथे क्षणभर थांबून क्लच पुन्हा दाबावा. ही कृती दहा-बारा वेळा करावी. खिडकीची काच खाली ठेवल्यास इंजिनचा आवाज ऐकू येतो आणि कानाची मदत परत मिळते.

तिसरी पायरी : गाडी माणसाच्या चालीच्या वेगाने पुढे व मागे चालवावी. या पायरीवर इंजिन दोन-चार वेळा बंद पडू द्यावे. पकडबिंदूच्या पलीकडे पाय गेल्यावर काय होते, हे एकदा निश्चिंतपणे अनुभवले की चौकातील धास्ती बरीच ओसरते.

चौथी पायरी : त्यानंतरच ॲक्सिलरेटरची जोड द्यावी. प्लेट पूर्ण धरली की डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवावा. पेडलवर नुसता टेकवलेला पायही क्लचला अपाय करतो.

पाचवी पायरी : सौम्य चढावर हँडब्रेक लावून गाडी उभी करावी. क्लच पकडबिंदूपर्यंत आणून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा व गाडी पुढे ओढ घेऊ लागल्यावरच हँडब्रेक सोडावा. अनेक नव्या गाड्यांत चढावर ब्रेक दोन-तीन सेकंद आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. ती आपल्या गाडीत आहे की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेतून आधी पाहून घ्यावे. ही सोय नसलेल्या गाडीत ती आहे असे समजणारा पाय अपघाताला निमंत्रण देतो.

एकाच दिवशी दोन तास सराव करण्यापेक्षा चार-पाच दिवस रोज वीस मिनिटे सराव केलेला अधिक फलदायी ठरतो, कारण शारीरिक कौशल्य मधल्या विश्रांतीत व झोपेत पक्के होते. शिवाय क्लचलाही निवण्यास अवधी मिळतो. घरात दोन गाड्या असतील तर प्रारंभी काही दिवस शक्यतो नवीच गाडी चालवावी. दोन्ही अंगवळणी पडल्यावर एकीतून दुसरीत जाण्यास लागणारा वेळ आपोआप कमी होत जातो.

९. सामाजिक व प्रशिक्षणविषयक संदर्भ

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ नुसार चालक परवान्याच्या चाचणीत तीव्र चढावर गाडी थांबवून ती मागे न घरंगळता पुन्हा सुरू करण्याच्या क्षमतेचा समावेश आहे. ही क्षमता बऱ्याच अंशी क्लचवर अवलंबून असते. मात्र उमेदवार ती एका विशिष्ट गाडीत दाखवतो, बहुधा ज्या गाडीत शिकला त्याच गाडीत. मिळणारा परवाना हलक्या मोटार वाहनांच्या संपूर्ण वर्गाला, म्हणजे ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनांना लागू असतो. परवाना असा व्यापक आणि पाय एका गाडीपुरता शिकलेला, ही तफावत प्रशिक्षणात फारशी विचारात घेतली जात नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच व ब्रेक असतात. अनेकदा शिकणाऱ्याची चूक तोच सावरतो. गाडी बंद पडत नाही, पण शिकणाऱ्याला आपण काय चुकलो हेही कळत नाही. पुढे घरची गाडी हाती आल्यावर ही उणीव प्रथमच उघडी पडते. त्या वेळी शेजारी बसलेली व्यक्ती कशी वागते, यावर बरेच काही ठरते. स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष गंभीर आहे. पुरुषाची गाडी बंद पडली तर 'नवी गाडी आहे, सवय नाही' असे म्हटले जाते. स्त्रीची गाडी बंद पडली तर 'तिला जमत नाही' असे म्हटले जाते. घटना एक आणि कारण एक असताना निष्कर्ष दोन निघतात. त्यामुळे परवाना असूनही गाडी न चालवणाऱ्या स्त्रिया अनेक घरांत आढळतात. चार दिवसांच्या सरावाने सुटणारा प्रश्न अशा प्रकारे आयुष्यभराचे परावलंबन ठरतो.

१०. निष्कर्ष

१. क्लचची जाणीव ही दाब पोहोचवण्याची पद्धत, झीज, स्प्रिंगचा स्वभाव, इंजिनचा प्रतिसाद आणि चालकाची बैठक यांच्या संयोगातून घडते. त्यामुळे ती प्रत्येक गाडीत वेगळी असणे स्वाभाविक आहे.

२. नव्या गाडीत अनुभवी चालकाकडून होणाऱ्या चुका जुन्या कौशल्याच्याच निदर्शक आहेत. पाय जुन्या गाडीसाठी अचूक वागत असतो.

३. जुळवून घेण्याची प्रक्रिया चुकीच्या जाणिवेवरच चालते. चूक लपवणारी हाफ क्लचची सवय शिकणे थांबवते व क्लच प्लेटची झीज वाढवते.

४. सवयीचा अभाव काळानुसार ओसरतो, दोष ओसरत नाही. हा भेद ओळखल्यास अनावश्यक खर्च आणि अकारण न्यूनगंड दोन्ही टळतात.

५. वाहनचालक प्रशिक्षणात शक्य तेथे दुसऱ्या गाडीवरील किमान एका सत्राचा समावेश करणे उपयुक्त ठरेल.

समारोप

भारतात क्लचचे पेडल नसलेल्या स्वयंचलित गिअरच्या लहान गाड्याही मिळू लागल्या आहेत. त्यातील अनेक गाड्यांत क्लच तोच कोरड्या प्लेटचा असून तो दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. तरीही पायाने क्लच चालवणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे व जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीमुळे एका गाडीवरून दुसरीवर जाण्याचे प्रसंग वारंवार येत राहतील. अशा प्रत्येक प्रसंगी चालकाला थोडा अवधी, एक मोकळी जागा आणि शेजारच्या सीटवरील थोडे मौन यांची गरज असते. एवढे मिळाले की काही दिवसांत पाय पेडलवर बसतो, आणि पुन्हा कधी जुन्या गाडीत बसण्याची वेळ येईपर्यंत चालकाला क्लचची आठवणही होत नाही.